पाच काड्या

सर्जेरावांच्या लेकीला, मोनालीला, दुसरी मुलगी झाली ते साल दोन हजार पंचवीस. तिच्या नामकरणानंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता सर्जेराव टेंभुर्णीतल्या आपल्या घराच्या स्लॅबवर लोखंडी पाइप धरून उभे होते आणि ओरडून ओरडून त्यांचा घसा बसत आला होता.

"किती?"

"दोन!" खालच्या खिडकीतून त्यांच्या बायकोचा, बेबीनंदाचा आवाज आला.

कठड्याला दोरीनं सैल अडकवलेल्या त्या पाइपाच्या टोकाला जुन्या टीव्हीचा अँटेना बांधला होता. त्याची वायर भिंतीवरून खिडकीत आणि तिथून नव्या रेडिओत गेली होती. रेडिओच्या पडद्यावर कोपऱ्यात काड्या दिसायच्या. पाच काड्या म्हणजे आवाज स्वच्छ. दोन म्हणजे नुसती खरखर. अकरा वाजता त्या रेडिओवर राजानंदची मुलाखत लागणार होती.

राजानंद त्यांचा थोरला मुलगा. नऊ वर्षांपूर्वी जूनमध्ये त्यानं लागलेली कारकुनी सोडली, त्यावरून भांडण झालं, सर्जेरावांनी त्याची पेटी रस्त्यावर फेकली आणि तो गेला. अंकुशनगरकडं ऊसतोड्यांच्या पोरांना शिकवतो, एवढं मोनालीकडून कळायचं. बापाचा फोन तो उचलत नसे. मुलाखतीचंही मोनालीनंच सांगितलं. तेव्हापासून सर्जेरावांचं एकच चाललं होतं, "रेडिओवर माणसाला आई-बापाचं इचारतेतच. तिथं त्याला माझं नाव घ्यावंच लागंल."

"आता किती?"

"तीन! न्हाई, दोन!"

"अगं, एक काय ते बराबर सांग ना!"

"ते हलून राह्यलं, त्याला मी काय करू? तुमी हलता म्हणून ते हलतं."

सर्जेरावांनी अँटेना जालन्याकडं फिरवला. दोन. डोंगराकडं फिरवला. एक. प्रत्येक जागी ते कठड्यावर खडूनं आकडा लिहीत होते. कठडा भरत आला होता.

शेजारच्या स्लॅबवर केशरबाई मिरच्या वाळत घालत होत्या.

"सर्जेराव भाऊ, मोबाइलचा टॉवर टाकून राह्यले काय?"

"तुमी मिरच्यात ध्यान द्या, केशरबाई."

"मिरच्या वाळतील हो. तुमी नका वाळू."

पावणेअकराला खालून किंकाळीच आली, "पाच! पाच झाल्या!"

सर्जेराव पाइप सोडून शिडीकडं धावले. दोन पायऱ्या उतरले नाहीत तोच खालून आवाज आला, "गेलं! एक राह्यली!"

ते परत वर आले. पाइपाला हात लावला.

"पाच!"

हात काढला.

"एक!"

त्यांनी पाइपाला घमेलं अडकवलं. दोन. ओलं पोतं गुंडाळलं. दोन. पोतं काढून फेकलं आणि आभाळाकडं बघून ते म्हणाले, "म्हंजी ह्याला मीच लागतो!"

"मंग मी येते वर. तुमी खाली बसून ऐका," बेबीनंदा म्हणाली.

"तुझ्या गुडघ्यानं? शिडी चढस्तोवर बुद्ध पौर्णिमा उजाडंल. तू रेडिओच मोठा कर."

"मोठाच हाय. ह्या गिरणीपुढं काय ऐकू येतंय?"

शेजारी पिठाची गिरणी घरघरत होती. रविवार असल्यानं दळणाची रांग लागली होती, ती काही बंद होणार नव्हती. वायर तेवढीच होती, रेडिओ वर येणार नव्हता. अकराला पाच मिनिटं कमी होती.

"मी धरतो," सर्जेराव म्हणाले. "तू ऐक. आन् एकेक शब्द मला सांग. एक जरी खाल्ला तर बघ."

अकरा वाजले.

"लागला! लागला!"

"काय म्हणला?"

"जयभीम म्हणला!"

"ते म्हणणारच. पुढं सांग!"

"पोरांचं सांगून राह्यला. उसाच्या पाचटाच्या खोपीत शाळा भरवल्ती म्हणला."

"माझं?"

"अजून न्हाई. थांबा जरा!"

पाइप तापला होता. सर्जेरावांनी उपरणं गुंडाळून धरून पाहिला.

"गेलं! धरा ना नीट!"

"चटके बसून राह्यले गं!"

"मंग बोलणं जातंय त्याचं!"

त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि उघड्या हातानं पाइप धरला. एक तळवा भाजला की दुसरा लावायचा, असं करत ते उभे राहिले.

"इचारलं!" बेबीनंदा ओरडली. "घरचं इचारलं त्याला!"

सर्जेराव हललेसुद्धा नाहीत. खिडकीतून मात्र पुढं काहीच आलं नाही. गिरणी घरघरत राहिली.

"काय म्हणला?"

त्यांनी पाइपावरचा हात बदलला.

"अगं ए! मुकी झाली का? माझं नाव निघालं का?"

"निघालं!"

"काय म्हणला मंग? सांग की जल्दी!"

"म्हणला... म्हणला, बापामुळंच शिकलो!"

"असं म्हणला? बिलकुल असं?"

"हो. नाव घेऊन. सर्जेराव म्हणला."

सर्जेराव शेजारच्या स्लॅबकडं वळले. "ऐकलं का केशरबाई? रेडिओवर! साऱ्या जिल्ह्यानं ऐकलं असंल." मग त्यांनी खाली वाकून विचारलं, "आता सोडू का?"

"नका सोडू. अजून बोलून राह्यला."

त्यांनी दोन्ही तळवे पाइपावर घट्ट दाबले.

खाली पाचही काड्या भरलेल्या होत्या. आवाज इतका स्वच्छ होता, की राजानंदनं बोलण्याआधी घेतलेला श्वासही बेबीनंदाला ऐकू आला होता. घरी कोण कोण असतं, असं मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "आई आहे, बहीण आहे. वडील, सर्जेराव, दोन हजार सोळाच्या जून महिन्यात वारले."