खोऱ्याचा आकडा

"पोरीची शाळा खोऱ्यात हलवली," नवरा फोनवर म्हणाला. "आईपण गेलीय सोबत. आता तू निवांत काम कर."

गणितवाल्या बाईंनी फोन ठेवला आणि त्या तडक साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. सगळं रडार खातं त्यांना याच नावाने ओळखायचं. रडार थोडी, मुलूख मोठा. कोणतं कुठे उभं केलं की शत्रूची विमानं वेळेवर दिसतील, हे काढून देणं त्यांचं काम. एकेका जागेला त्यांनी आकडा दिला होता. मोठ्या आकड्याच्या जागा संगणकाने आधी झाकल्या. पण पांघरूणच तोकडं, डोकं झाकलं की पाय उघडे. उघडं राहिलं ते हे खोरं. घरी यातलं अवाक्षर काढायची चोरी होती. भाजीचा भावसुद्धा बाई जपून सांगायच्या. मग नवऱ्याला बिचाऱ्याला काय कळणार?

"साहेब, शाळा खोऱ्यात कोणी पाठवल्या?"

"आम्हीच." साहेब खुशीत होते, जे क्वचितच घडायचं. "मदत खात्याने विचारलं, सुरक्षित जागा कोणती? तुमचे आकडे काढले. एकाच जागेपुढे शून्य. धोका शून्य! म्हटलं, बाईंचा आकडा आजवर चुकलेला नाही. माझे नातूही तिथेच धाडलेत."

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"तो आकडा धोक्याचा नव्हता, साहेब. तिथे आपलं एकही रडार बघत नाही. विमान डोक्यावर आलं तरी कळायचं नाही. पोरांना परत आणा."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी फोन उचलला, नंबर फिरवला, पुन्हा फिरवला. खोऱ्याकडची लाइन लागेना. रिसीव्हर कानालाच ठेवून ते बाईंवर खेकसले, "धोक्याचा नव्हता, तर मग होता कशाचा? तिथे माणसंच नाहीत म्हणून शून्य?"

"माणसं आहेत. मेंढपाळांच्या वस्त्या आहेत."

"मग कशाचं शून्य लिहिलंत?"

बाईंना नीट उत्तर देता आलं असतं. खात्याच्या भाषेत त्याला छान, गुळगुळीत शब्द होता. पण पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तो शब्द काही केल्या तोंडातून फुटेना.

"तिथे कोणी मेलं तरी चालेल," त्या म्हणाल्या, "याचं."