पहिला ठोका

ताईची चिप पास झाली. पण ती पास झालीच नाही, असं धरून चालू; मग गोष्ट अशी.

चिपचं काम सोपं होतं. आत विजेचे दोन ठोके गेले की बाहेर एकच सोडायचा. पहिला गिळायचा, दुसरा जाऊ द्यायचा. ताईने ती डिझाइन केली आणि प्रयोगशाळेत तपासायला मी बसलो. लहानपणापासून आमचं असंच: ती काम करणार, मी चुका काढणार.

"झालं, आता वीज बंद कर," ताई म्हणाली.

मी बंद केली. स्क्रीनवर ठोके येतच राहिले.

"वायर काढ, शहाण्या."

काढलेली वायर केव्हाची माझ्या हातात होती.

ताईने टेबलावर दोनदा टिचकी मारली. आवाज एकदाच आला. मी घाबरून "हाहा" असं हसलो. ऐकू आलं नुसतं "हा".

"घरी चल," ताई एवढंच म्हणाली. दारातून ती पुढे निघाली, तिच्या पाठोपाठ मी. बाहेर कॉरिडॉरमध्ये मी एकटाच पोचलो.

आईला फोन लावला. "आई, ताई आली का गं?"

"कुठली ताई? तू एकटाच तर आहेस मला. ये लवकर, पान वाढून ठेवलंय."

मग मी प्रयोगशाळेच्या विभागप्रमुखांना अर्ज लिहिला:

माननीय विभागप्रमुख, माझा पहिला अर्ज आपल्यापर्यंत पोचला नसणारच, म्हणून हा दुसरा. माझ्या आईच्या अपत्यांची संख्या पूर्ववत दोन करण्यात यावी, ही नम्र विनंती.