कलकत्त्याचं विमान

घाटकोपरच्या स्मशानामागच्या मोकळ्या जागेत गुणाजीचा पिंड मांडून बराच वेळ झाला होता, आणि कावळा शिवत नव्हता.

कावळा नव्हता असं नाही. चांगला कोंबड्याएवढा एक समोरच्या भिंतीवर बसला होता. घाटकोपरचे कावळे ते, भर पंगतीत नवऱ्यामुलाच्या ताटातली जिलबी उचलणारे. पण ह्यानं आज उपास धरला होता. भातावर दही होतं, शेजारी गुणाजीच्या आवडीची कांदाभजी होती, विडी होती, विमानात वाटतात तसली गोळीसुद्धा कागद सोडून ठेवली होती. कावळा मान वाकडी करून आभाळात बघत होता.

मुलगा दशरथ हात जोडून म्हणाला, "बाबा, अनुपमाचं लग्न मी थाटात लावीन. बहिणीची काळजी करू नका." कावळ्यानं शेपूट फिरवलं. गुणाजीचा धाकटा भाऊ दादू दिवसकार्यासाठी कोकणातून आला होता. त्यानं गावच्या घराची कौलं बदलायचं कबूल केलं. कावळा भिंतीवर शिटला.

भटजींना पुढं विक्रोळीला जायचं होतं. "दर्भाचा कावळा करून शिववू या का?"

"नको," गुणाजीची बायको वनमाला म्हणाली. बायकांनी इथं येऊ नये म्हटलं तरी ती आलीच होती. "गवताचा कावळा शिववला की उद्या अख्खी चाळ बोलेल, बायकोनंच नवऱ्याला उपाशी धाडला."

"मग वयनी, तू बोल. तुझ्याकडेच काय तरी रवला असतला."

"मी काय बोलू भावजी? ह्यांनी जन्मभर तोंड वर करून संसार केला. विमान वाजलं की जेवता जेवता उठायचे, खरकट्या हातानं गॅलरीत. हे लेट, ते बदललं, मद्रासला आज भलतंच लावलंय. विमानानं गोव्याला गेले आणि त्याच विमानानं परत आले. समुद्र बघितला का विचारलं, तर म्हणे खिडकी पंखावर होती. शी!" तिनं पदरानं तोंड पुसलं, तोंडात काही नासकं गेल्यासारखं.

दादूनं कावळ्याकडे पाहिलं, मग कावळा बघत होता तिकडे पाहिलं. "दशरथा, आज सकाळचा कलकत्त्याचा इमान गेला काय रे?"

गेलं नव्हतं. गुणाजी हे विमान कधी चुकवत नसे. ते डोक्यावरून उतरायला लागलं की चाळीतली फळीवरची भांडी फुगडी घालायची. आज भांडी गप्प होती. दशरथ कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोन करायला पळाला आणि घामाघूम होऊन परत आला.

"लेट आहे. तांत्रिक कारण. विमान बदलून पाठवतायत म्हणे. कुठलं, ते विमानतळाच्या चौकशीवालीलाही माहीत नाही."

"बघ," दादू म्हणाला. त्याची आता खात्रीच पटली. धोतर सावरून तो भिंतीसमोर उभा राहिला आणि त्यानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो गुणाजी कावळ्याच्या रूपान भिंतीर येवन बसलो हा. कलकत्त्याचा इमान लेट झाला हा. जा काय तांत्रिक आडवा इला असात, ता दूर करून इमान सुखरूप हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दशरथ म्हणाला. भटजीही सवयीनं म्हणून गेले.

"कावळ्यापुढं विमानाचं गाऱ्हाणं," वनमाला पुटपुटली. "एवढंच बघायचं राहिलं होतं."

तेवढ्यात विक्रोळीच्या बाजूनं घरघर आली. विमान माडाच्या शेंड्याला घासेल इतकं खाली आलं, त्याची सावली पिंडावरून सरकली. दादूनं हात जोडले. कावळ्यानं ते जाईपर्यंत पाहिलं, पिसं फुलवली आणि भिंतीवर आणखी ऐसपैस बसला.

दादूचं तोंड उतरलं. "आता रे काय?"

वनमालानं मान वरसुद्धा केली नव्हती. ती वाकून भातावरच्या मुंग्या काढत होती. "कलकत्त्याचं नव्हेच ते," ती करवादली. "हैदराबादचं. बोइंग. कानाला कळत नाही का?"

"आई, पण विमान बदललंय ना?"

"बदललं म्हणून एवढंसं बोइंग लावतील? तेवढी माणसं काय टपावर बसवायची? एअरबसच्या जागी एअरबसच लागते. दिल्लीची रात्री इथं मुक्कामाला असते, ती रिकामी धाडली असेल कलकत्त्याला. जाऊन यायला वेळ नको? बसा गप."

दशरथ आईकडे बघत राहिला. दादू बघत राहिला. भटजींच्या हातातली पळी तशीच राहिली. त्यामुळे कावळा खाली कधी उतरला ते कुणीच पाहिलं नाही. पत्रावळ वाजली तेव्हा सगळे वळले. पिंड मधोमध फुटला होता, चोच दह्यानं पांढरी झाली होती. जाताना त्यानं विमानातली गोळी उचलली आणि तो डोंगराकडे निघून गेला.

"शिवला," म्हणत भटजींनी पिशवी आवरायला घेतली.

"पण इमान तर अजून येवक नाय," दादू म्हणाला.

पुरुषमाणसं नळावर पाय धुवायला गेली. वनमाला मागं राहून भाताचं पातेलं खरवडत होती, तेव्हा तो जाडा, भरलेला आवाज आला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, मोकळ्यात आली आणि खरकटा हात तिनं कपाळावर आडवा धरला. एअरबसचं भलं मोठं पोट डोक्यावरून गेलं. मान वळवून वळवून ती ते घरांच्या आड होईपर्यंत बघत राहिली.

"शी," ती म्हणाली. "घाटकोपर आलं तरी चाकं काढली नाहीत मेल्यानं."