बिनसावलीची रांग

पहिल्या रांगेचे आकडे पाचव्या आठवड्यातही चुकीचे आले, तेव्हा अपर्णा दुपारची मीटिंग अर्धवट टाकून शेतावर आली.

पिओनी या फुलझाडाची कोवळी रोपं चार रांगांत लावली होती. तीन रांगांवर काळी जाळी होती: तीस, पन्नास आणि सत्तर टक्के सावलीची. पहिली रांग तुलनेसाठी उघडी. सावलीत रोपं उंच होतात, पानं गडद हिरवी होतात, त्यांत नायट्रोजनही जास्त सापडतो. मुळं मात्र बारीक राहतात. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण उघड्या रांगेतली रोपंही सावलीतल्यासारखीच वागत होती. तिनं उजेड मोजायचं मीटर बदललं, नमुने दुसऱ्या लॅबला पाठवले. उत्तर तेच. शुक्रवारी याच आकड्यांवर तिचा प्रोजेक्ट पुढे चालणार की बंद पडणार, ते ठरणार होतं.

कुंपणाचं फाटक ढकलून ती आत आली आणि थांबली. पहिल्या रांगेवर एक निळी सुती साडी ताणून बांधली होती. चार काठ्या, कडेला कपडे वाळत घालायचे चिमटे.

साडी आईची होती. आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. अमेरिकेतल्या या वेस्ट विंडसरच्या घरात एकटीला करमत नाही म्हणून अपर्णा तिला रोज सकाळी शेतावर सोडून ऑफिसात जायची आणि तीननंतर परत यायची. आता ती मेपलच्या झाडाखाली, साडी आणि स्नीकर्समध्ये, लसूण सोलत बसली होती.

"आई, हे काय आहे?"

"साडी."

"कधीपासून?"

"जून लागल्यापासून. बाराला बांधते, तीनला सोडते. तू यायच्या आत घडी करून पिशवीत." आईनं एक पाकळी डब्यात टाकली. "एवढ्या उन्हात कोवळं रोप उघडं ठेवतात का? आपण तर एप्रिलमध्येच जाळी बांधतो ना अंगणात."

"या रांगेवर मुद्दाम नाही बांधली."

"मुद्दाम?" आईचा हात थांबला. "मला वाटलं, कापड कमी पडलं असेल. आणि तू काय मागणारेस कुणाकडे? शाळेत रंगपेटी संपली तर महिनाभर पेन्सिलीनं चित्रं काढलीस, पण सांगितलं नाहीस."

रागवावं की हसावं, अपर्णाला कळेना. तिनं खाली बसून एक रोप मुळासकट उपटलं. वर हिरवागार झुबका. खाली दोऱ्यासारखी मुळं.

"किती टवटवीत आहे," आई जवळ येत म्हणाली.

"मुळं बघ."

आईनं चष्मा वर सरकवून मुळं पाहिली. बराच वेळ पाहिली. "म्हणजे सावली वाईट?"

"तसं नाही."

"मग चांगली?"

पंधरा वर्षं अपर्णा हेच शिकत होती.

तिनं वही काढली. पहिल्या रांगेपुढचं शून्य खोडलं. त्याच्या जागी काय लिहायचं? साडीची सावली किती टक्के असते, हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं. उजेड मोजायचं मीटर तिनं साडीखाली धरलं, आकडा टिपला. मग उघड्यावरचं ऊन मोजायला ते समोर मातीत ठेवलं आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघत उकिडवी बसली. मान भाजत होती.

आकडा चढत गेला. मग एकदम अर्ध्यावर आला.

ढग आला असेल म्हणून तिनं वर पाहिलं. आकाशात ढग नव्हता. आई मागे उभी होती, पदर दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर ताणून.

"तू लिही," आई म्हणाली. "मी धरते."