पेटीतले टॉवेल

अकरा वर्षं वियोरिका इटलीत एका परक्या म्हातारीची सेवा करत होती आणि दर महिन्याला मिनीबसनं रोमानियात आईला कॉफी, तेल, टॉवेल धाडत होती. आज ती आईच्या मातीला आली.

शेजारच्या सावेतामावशीनं आईची कपड्यांची पेटी उघडली. वियोरिकानं धाडलेले सगळे टॉवेल कोरे करकरीत, प्रत्येकाला आईच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली: 'पेत्राके, खांद्याला.' 'गावरिल, कबर खणायला.'

डोळे पुसायला वियोरिकानं एक उचलला.

"ठेव तो! अकरा वर्षांत रीतही विसरलीस होय गं? मातीचा टॉवेल घरच्यांना नसतो. बाहेरच्या माणसानं हातभार लावला, तर त्याला देतात."

मावशी एकेक वाटत गेली. तळाशी शेवटचा उरला.

'वियोरिका, सामान पाठवल्याबद्दल.'