ड वर्ग

"माणूस चुकतो, संगणक चुकत नाही! आजपासून या केंद्रातून मानवी चूक कायमची हद्दपार झाली," असं नरहर पांडे यांनी आर्णीच्या कापूस खरेदी केंद्रात जाहीर केलं, आणि एंटर दाबून संगणकातल्या सॉफ्टवेअरची चौदा पॅकेजेस पुसून टाकली.

पांडेसाहेबांची नोकरी तहसील कचेरीत सरली होती, आधी दाखल्यांच्या खिडकीवर, मग अभिलेख कक्षात. निवृत्तीनंतर केंद्रानं त्यांना कंत्राटावर संगणकापुढे बसवलं. त्या दुपारी संगणकानं स्वतःला अद्ययावत करून घेतलं आणि साहेबांना आत जुन्या पॅकेजेसची यादी दिसली. कचेरीत जुन्या कागदांना ड वर्ग देतात आणि वर्षभरानं नष्ट करतात. साहेबांनी तेच केलं. पडद्यावर विचारणा आली होती: हे दुसऱ्यांना लागतं, तरी काढायचं? साहेबांनी हरकत वाचली, मनात 'पाहिले' असा शेरा मारला आणि होकार दिला. तीस वर्षं हरकतींचं ते हेच करत आले होते.

मग प्रिंटरमधून उद्याच्या गाड्यांची यादी निघाली. दोनशे बारा नावं, आणि प्रत्येक नावाच्या जागी नुसते चौकोन. गावांच्या जागी चौकोन. बापाच्या जागीही चौकोन.

नावं पाहायला आलेले शेतकरी यादीभोवती गोळा झाले.

यादी पाचच्या आत दारावर लागायची होती. उद्या खरेदीचा शेवटचा दिवस. यादीत नाव नाही त्याची गाडी फाटकाच्या आत नाही. बोंडअळीतून वाचलेला कापूस त्या गर्दीतल्या मोतीबाईच्या घरात आढ्यापर्यंत भरला होता. ती स्वतः पंधरा दिवसांपासून अंगणात झोपत होती.

"साहेब, याच्यात माहं नाव कोणतं?"

साहेबांनी बोट फिरवलं, थांबवलं. "हे असावं."

"ते तं माहं दिसते," मागे उभा भावसिंग म्हणाला.

"तुहं कशावरून?"

"तुहं कशावरून?"

जनरेटर दुरुस्त करायला आलेला बशीर मिस्त्री हात पुसत आत आला. त्यानं यादी पाहिली, मग साहेबांकडे पाहिलं.

"साब, मशीनीतलं काय फेकलं?"

"जे लागत नव्हतं ते."

"कोनाले लागत नव्हतं?"

साहेबांनी यादी उलटी करून पाहिली.

"इंजिन खोललं का एखांदा वायसर मले बी फालतू वाटते. फेकला का आइल रस्त्यावर. एकेक वापस टाका."

मराठी अक्षरं उमटवणारं पॅकेज साहेबांनी परत मागवलं. ते म्हणालं, आधी अमुक आणा. अमुक म्हणालं, माझ्याआधी तमुक. तमुकला आणखी एक हवं होतं, आणि त्याची नेमकी तीच आवृत्ती. साहेबांचं बोट कळफलकावर थांबलं. उत्पन्नाच्या दाखल्याला रहिवासी दाखला, रहिवासी दाखल्याला रेशन कार्ड, रेशन कार्डाला पुन्हा उत्पन्नाचा दाखला, असं सांगून त्यांनी आयुष्यभर लोकांना परत पाठवलं होतं.

"बशीरभाई," ते पुटपुटले, "याच्या आत तहसील आहे."

पाचला सात मिनिटं असताना नावं उमटली. मोतीबाई एकशे त्रेचाळीसवर, तिच्याखाली भावसिंग. मोतीबाईनं आपलं नाव तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा वाचून दाखवायला भावसिंग स्वतःहून पुढे आला.

साहेब यादी घेऊन ताठ मानेनं दाराशी गेले. घड्याळात पाचला दोन कमी. त्यांनी डिंकाची बाटली उलटी केली. बाटली कोरडी होती. टाचण्या कुणाकडेच नव्हत्या. वाऱ्यानं कागद फडफडू लागला.

साहेबांनी यादी दोन्ही हातांनी दारावर दाबून धरली आणि मान वळवली.

"मोतीबाई, डब्यात भात उरला असंल तं दोन शितं दे न."