दुसरं कडवं

दुसरं कडवं सुरू व्हायची वेळ आली आणि योगराजला शब्दच आठवेनात.

पहिलं कसं झोकात झालं होतं. कपाळावर केसांचा फुगा, आतेभावाचं चकचकीत जाकीट, गळ्यात उसनी गिटार. गोडादऱ्याच्या मराठी वस्तीतल्या गणपतीपुढे इंग्रजी गाणं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. पोरं खुर्च्यांवर चढून शिट्ट्या मारत होती. हे गाणं ज्यात आहे तो सिनेमा व्हिडिओवर त्यांनीही पाहिलेला. त्यात ट्रक चालवणारं एक साधं पोरगं गिटार वाजवत, कंबर हलवत इतकं मोठं होतं, की त्याला बघायला आलेल्या गर्दीला पोलीस आवरतात. योगराजने तो कितीदा पाहिला ते विचारूच नका. इंग्रजीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. सगळं कानांनी उचललेलं, आता कानच दगा देत होते.

समोरच्या खुर्चीत ऑर्केस्ट्रावाले बाबुराव बसले होते. गाणं पसंत पडलं तर नवरात्रापासून ते त्याला घेणार होते. नाही तर सोमवारपासून कापडाच्या कारखान्यात बापाशेजारच्या लूमवर उभं राहायचं, असं घरी ठरलं होतं. बापाने, म्हणजे धुडकूने ठरवलं होतं, आणि धुडकूने एकदा ठरवलं की संपलं.

कॅसिओवाल्याने मधलं म्युझिक पुन्हा फिरवलं. मग आणखी एकदा. बाबुरावांनी घड्याळ पाहिलं.

सिनेमातला हिरो अशा वेळी पाय आपटतो आणि अख्खं थिएटर उठून उभं राहतं. योगराजनेही पाय आपटला. स्टेजची फळी तेवढी वाजली. मागून कोणीतरी गुजरातीत म्हणालं, "बेसी जा ने, भाई." लोक हसले.

झाली तेवढी शोभा पुरे, उतरावं, असं म्हणून त्याने खाली पाहिलं. आईशेजारी बाप बसला होता. बापाचे ओठ हलत होते.

लूमच्या खात्यात यंत्रांपुढे कोणाचा आवाज ऐकू येत नाही. तिथे माणसं नुसते ओठ हलवतात, समोरच्याने ते बघून समजायचं. त्या खडखडाटात धुडकूचे कान केव्हाच गेले होते. बापाला डबा पोचवता पोचवता योगराजही ही ओठांची भाषा शिकला होता. त्याला वाटलं, म्हातारा शिव्या घालतोय. नीट पाहिलं. शिव्या नव्हत्या. दुसरं कडवं होतं.

रोज सकाळी योगराज भिंतीवरच्या आरशापुढे हे गाणं घोटायचा. बाप मागे बसून चहा प्यायचा, आरशात बघायचा, आणि कप ठेवताना म्हणायचा, "बंद कर ते माकडचाळे."

योगराजने माईक घट्ट धरला आणि बापाच्या तोंडावरून एकेक शब्द उचलत गेला. शेवटची ओळ आली तेव्हा त्याचे पाय थरथरत होते. लोकांना वाटलं, नाचतोय.

बाबुराव उठले, स्टेजपाशी गेले. "नवरात्रात दुसरं काही धरू नकोस," एवढंच म्हणाले. मग पोरांनी जो गलका केला, त्यात माईकही ऐकू येईना.

योगराजची आई, धुरपदाबाई, पदराने डोळे पुसत होती. धुडकूने तिला कोपराने ढोसलं आणि खात्यातल्या सवयीने, आवाज न काढता विचारलं,

"चांगला गास का वं आपला पोऱ्या? माले ते कधी ऐकूच उनं नही."